नानांचे अंक आणि खोडदचा रस्ता

आपल्या घरातील माळा, पलंगाखालची ट्रंक किंवा बोळकंडीतील लोखंडी मांडणी एकदा डोळ्यांपुढे आणा. तेथे सुतळीने बांधलेले, कडा पिवळ्या पडलेले मासिकांचे गठ्ठे आहेत का? कुणाकडे बागकामाचे असतील, कुणाकडे विणकामाच्या नमुन्यांचे, कुणाकडे क्रिकेटचे, कुणाकडे रेडिओदुरुस्तीचे. पुस्तकांना आपण काचेचे कपाट देतो. छंदाची मासिके मात्र माळ्यावर जातात आणि मग ती घरातील कोणाचीच नसतात. एकाच माणसाची असतात. तो माणूस ऐंशीच्या पुढे गेला, की त्या गठ्ठ्यांचा प्रश्न एखाद्या सकाळी अचानक उभा राहतो.

आमच्याकडे तो जुलै महिन्यात उभा राहिला. माझे वडील, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, ८७ वर्षांचे आहेत. सारी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत हिशेब लिहिण्यात घालवली. जीव मात्र आकाशात. पुण्यात सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. त्याच्या बोळकंडीत भिंतीला लागून एक मांडणी, आणि तिच्यात पन्नास वर्षांचे आकाश. १९२८ साली सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका, मुंबईहून निघणारे इंग्रजी ‘सायन्स टुडे’, आणि सर्वांत खाली, सर्वांत जड, अमेरिकेतील ‘स्काय अँड टेलिस्कोप’. हे शेवटचे मासिक त्या काळी परकीय चलनाच्या अडचणीमुळे सहजी मागवता येत नसे. नानांचे एक मावसभाऊ तिकडे होते. ते आपले वाचून झालेले वर्षाचे बारा अंक एकत्र बांधून बोटीने पाठवीत. गठ्ठा तीन-तीन महिन्यांनी पोचे. अंक हाती पडे तेव्हा त्यात वर्णिलेले ग्रहण केव्हाच सुटलेले असे! तरी नाना ते पानन् पान वाचीत आणि समासात पेन्सिलीने टिपा लिहीत. पुष्कळ ठिकाणी एवढेच लिहिलेले असे : ‘ढग. काही दिसले नाही.’

त्या जुलैतल्या एका रात्री खालच्या कप्प्यातून घसरून आलेल्या गुळगुळीत अंकावर नानांचा पाय पडला. नशिबाने खुब्याचे हाड वाचले, मनगटावर निभावले. सहा आठवड्यांचे प्लास्टर आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की रात्री स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळी हवी, तेथे रात्रभर मंद दिवा हवा, आणि ही धूळ त्यांच्या खोकल्यालाही बरी नव्हे. त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. आपल्या घरी कोणी ज्येष्ठ असेल तर आज रात्रीच ती वाट एकदा स्वतः, दिवा न लावता, चालून पाहा.

पुढे मी जे केले ते मात्र डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. नाना प्लास्टर दाखवायला माझ्या यजमानांबरोबर गेले असता मी रद्दीवाल्याला बोलावले आणि खालचा कप्पा रिकामा केला. मिळालेल्या पैशांत घरातले आठवड्याचे दूधही आले नसते. बोळकंडी मोकळी झाली, फरशी पुसली, मला हलके वाटले. संध्याकाळी नाना आले, भिंतीला हात लावीत आत गेले आणि थांबले. म्हणाले, “खालचा कप्पा?” मी सांगितले. ते म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’नंतर ते भांडले नाहीत, रागावले नाहीत. पण जेवताना दुसरी पोळी नको म्हणू लागले. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसण्याचा नेम मोडला. पाऊस आहे, ढग आहेत, असे म्हणावे तर ढगांतही ते बसत आलेले. वाचकहो, आपण जे सांभाळणारे आहोत, ते गोळ्यांच्या वेळा बिनचूक पाळतो. पण ताटातून परत आलेल्या अर्ध्या पोळीचा अर्थ लावायला मला बारा दिवस लागले.

तेराव्या दिवशी मी त्या अंकांच्या शोधाला निघाले. रद्दीचा प्रवास मला तोवर ठाऊक नव्हता. दुकानात वर्तमानपत्र वेगळे, वह्या वेगळ्या, गुळगुळीत कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा असे ढीग होतात. टेम्पोभर झाले की ते मोठ्या गोदामात जातात. तेथे यंत्राने दाबून त्यांचे चौकोनी गठ्ठे बांधतात, आणि ते वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत जाऊन लगदा होतात. आमचा रद्दीवाला भला माणूस. तो माझ्याबरोबर भवानी पेठेच्या बाजूच्या गोदामापर्यंत आला. तेथील माणसाने यंत्राकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “ताई, तो माल मागच्या आठवड्यातच गेला. चांगलं काही दिसलं तर पोरं बाजूला काढतात, जुन्या बाजारात बघा.”

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मंगळवार पेठेच्या त्या रस्त्यावर मी आयुष्यात कधी पाऊल टाकले नव्हते. गंजलेले पाने, बिनकाट्यांची घड्याळे, पितळी कड्या, एकेकटे बूट, आणि मधूनच ताडपत्रीवर पसरलेली मासिके. दोन बुधवार आणि एक रविवार मी तेथे वाकून-वाकून पाहिले. नानांचा एकही अंक मिळाला नाही. एक गोष्ट मात्र पाहिली. पंचविशीतला एक मुलगा रेडिओच्या मंडलांचे आराखडे असलेला एक फाटका जुना अंक छातीशी धरून दुकानदाराशी घासाघीस करीत होता. मी विचारले, “हे काय कराल?” तो म्हणाला, “आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, काकू. तो चालू करायचाय. याचा नकाशा कुठंच मिळत नव्हता.”

घरी येऊन मी नानांना सारे सांगितले, गोदामासकट. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “अगं, दिले असते मी. मलाही कळतं, पुढं कोण वाचणार आहे ते. विचारायला हवं होतंस, एवढंच.”

उरलेले गठ्ठे आम्ही दिवाळीनंतर काढले. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशी उठते, तेव्हा हे काम कोरड्या हवेतच करावे. सकाळचे ऊन गॅलरीत यायचे त्या वेळी, टेबलाशी खुर्चीत बसून, अर्धा तास. त्याहून अधिक नाही. खाली वाकून किंवा जमिनीवर बसून हे काम ज्येष्ठांना करू देऊ नये. गुळगुळीत कागद दिसतो त्याहून फार जड असतो, म्हणून एका वेळी चार-पाच किलोंहून मोठा गठ्ठा मी उचलत नसे. माझीही साठी उलटली आहे! दोघांच्याही तोंडावर मास्क, हाताशी किंचित ओलसर फडके, आणि प्रत्येक अंकाचे वेष्टन पुसून मगच तो नानांच्या हाती. गठ्ठ्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या मी प्रथम काढून टाकल्या. त्यांचा वास बंद खोलीत खोकला असणाऱ्यांना त्रास देतो. शिवाय जी-सिक्स-पीडी नावाच्या वितंचकाची उणीव असलेल्या तान्ह्या बाळाला त्यांची वाफ धोक्याची ठरू शकते, आणि आमच्याकडे पणती येऊन-जाऊन असते. काही अंकांच्या तारेच्या टाचण्या गंजून पानांना भोके पडली होती. नाना प्रत्येक टाचणी नखाने उचकटू पाहत. तो हक्क मात्र मी दिला नाही.

कागद पिवळा का पडतो, हे त्यांनीच मला सांगितले. स्वस्त कागदात लाकडातील लिग्निन तसेच राहते. हवा आणि उजेड लागला की ते बदलून पिवळे-तपकिरी होते, आणि कागदातील आम्ल तंतू तोडत जाते. म्हणून अमेरिकेचा गुळगुळीत अंक चाळीस वर्षांनी पांढरा राहिला होता आणि आपल्या मराठी मासिकांचे कोपरे बोटाला लागताच मोडत होते. हे ऐकून मला उगाचच वाईट वाटले. जे अधिक जवळचे, तेच अधिक ठिसूळ.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तीन अंक झाले. नाना वाचू लागत! मी घड्याळाकडे पाहू लागे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मीच थांबून ऐकू लागले. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला ते रजा काढून रायचूरला गेले होते, हे मला तोवर माहीत नव्हते. मी तेव्हा शाळेत होते. आई म्हणाली होती, नाना कामासाठी गेले आहेत. लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते म्हणून तिने ते लपवले असावे. आपल्या घरातील ज्येष्ठांना विसर पडू लागला असेल तर त्यांच्या हाती जुना अंक जरूर द्या, पण त्यांची परीक्षा घेऊ नका. ‘हे आठवतं का?’ असे विचारण्यापेक्षा चित्र उघडून शेजारी बसावे. सांगायचे असेल ते येते, नसेल तर पाने उलटण्यातही सकाळ बरी जाते.

एक वही केली. नाना सांगत, मी लिही. मासिकाचे नाव, वर्ष, कोणते महिने आहेत, कोणते नाहीत, पाने फाटली आहेत का. खालच्या कप्प्यापाशी आलो तेव्हा नोव्हेंबर १९८५ ते जून १९८६ या आठ अंकांपुढे मला ‘नाही’ असे लिहावे लागले. ते हॅलेच्या धूमकेतूचे वर्ष होते. रद्दीवाल्याने नेलेले गठ्ठे पुष्कळ होते, बाकीचेही त्यात गेले. पण हे आठ महिने नानांनी वेगळे करून सांगितले आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. त्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच उठलो.

मग फिरणे सुरू झाले. पुण्यात ग्रंथालयांची श्रीमंती जुनी आहे. बुधवार पेठेतील पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची, नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे. तरुणपणी नाना कचेरीतून परस्पर तेथे जात. यंदा आम्ही रिक्षाने त्याच पेठांतून हिंडलो. सकाळी दहाच्या सुमारास लक्ष्मी रस्ता अजून अंग झाडत असतो, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन निघणे बरे. दुपारची गोष्ट बोलायला नको, पुण्याची दुपार सर्वांना ठाऊक आहे. मी पिशवीत पाण्याची बाटली, राजगिऱ्याच्या दोन वड्या आणि घडीचे स्टूल ठेवी. जुन्या इमारतींचे जिने उंच पायऱ्यांचे असतात. मी आधी एकटी वर जाऊन बोलून येई आणि खरेच काम असेल तरच नानांना चढवी.

ग्रंथालयांविषयी एक गैरसमज मी बाळगून होते, तो आपण बाळगू नये. आपण दिले म्हणजे ते घेतील, असे नसते. जागा कमी, माणसे कमी, आणि त्यांच्याकडचेच जीर्ण झालेले काढून टाकण्याचे काम नियमाने चालू असते. शिवाय १९५४ च्या कायद्याने आणि त्यातील १९५६ च्या दुरुस्तीने देशात छापलेल्या पुस्तकांच्या व नियतकालिकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या ठिकाणी पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. म्हणजे निदान कागदोपत्री तरी एक प्रत कोठेतरी असते. एका ग्रंथालयातील बाईंनी आमची वही पाहताच मान डोलावली. गठ्ठे घेऊन येणारे पुष्कळ, यादी घेऊन येणारे थोडे, असे त्या म्हणाल्या. त्यांनी आतून आपले रजिस्टर आणले, बोट फिरवले, आणि ‘सृष्टिज्ञान’चे चार अंक मागितले. फक्त चार. त्यांच्या बांधीव खंडांत तेवढेच महिने नव्हते. मला वाटले नाना हिरमुसतील. पण खाली रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, “चार जागा रिकाम्या होत्या बघ, आणि चारही आपल्याकडे निघाल्या.” घरी पोचेपर्यंत ते दोनदा हेच म्हणाले.

‘सायन्स टुडे’चे काही अंक अप्पा बळवंत चौकाच्या बाजूच्या एका जुन्या पुस्तकवाल्याने घेतले. किंमत सांगण्यासारखी नाही, घासाघीसही केली नाही. जो विकत घेतो तो टाकून देत नाही, असा नानांचा हिशेब. विज्ञान परिषदेची पत्रिका एका निवृत्त शिक्षकांकडे गेली.

राहिले ते अमेरिकेचे. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे; टिळक स्मारक मंदिरात नानांनी तरुणपणी कितीतरी संध्याकाळी काढल्या. तेथे जोडलेले त्यांचे एक कनिष्ठ मित्र, तेही आता सत्तरीचे, घरी आले. त्यांनी सांगितले की या मासिकाची १९४१ पासूनची पहिली सात दशके संगणकाच्या तबकड्यांवर केव्हाच आली आहेत. संशोधकाला किंवा मुरलेल्या निरीक्षकाला हा कागद नको. मी नानांकडे पाहिले. पण ते मित्र अंक चाळता-चाळता एका नकाशाशी थांबले. दर महिन्याच्या अंकात मधल्या पानावर त्या महिन्याच्या रात्रीच्या आकाशाचा गोल नकाशा असतो. तो अमेरिकेसाठी, सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशासाठी काढलेला. आपण १८-१९ अंशांवर. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका उंच तितका आपला अक्षांश, म्हणून तिकडे तो आभाळात चांगला वर असतो आणि आपल्याकडे झाडाच्या शेंड्यापाशी. नानांनी प्रत्येक नकाशावर पेन्सिलीने आपले क्षितिज काढले होते. उत्तरेकडचा एक भाग कापलेला, दक्षिणेकडे एक भाग वाढवून त्यात तारे स्वतः मांडलेले, आणि नावे मराठीत : मृगाचा काक्षी, राजन्य, खाली व्याध, त्याच्याही खाली अगस्ती.

“ग्रहांच्या जागा शिळ्या होतात,” मित्र म्हणाले, “पण जानेवारीचं आकाश दर जानेवारीला तेच. नाना, हे शाळेत द्या.”

शाळा त्यांनीच सुचवली, जुन्नर तालुक्यातील, खोडदच्या वाटेवरची. आम्ही तेथील शिक्षकांशी फोनवर बोललो, वहीची छायाचित्रे पाठवली, तीन दिवस थांबलो. ‘आम्हाला हवेत’ असा निरोप आल्यावरच गठ्ठे बांधले. नव्या घरी नको असलेले पाहुणे पाठवण्यात अर्थ नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी सातला निघालो. ८७ वर्षांच्या माणसाला मोटारीने न्यायचे तर थोडी आखणी लागते. लघवीची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे मी डॉक्टरांना आधी विचारून ठेवले होते. आपणही आपल्या मनाने वेळ बदलू नये. पाणी कमी पाजण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्यापेक्षा दर तासाला थांबावे. चाकणपर्यंतची गर्दी कंटाळवाणी. राजगुरुनगरला भीमा ओलांडली की मात्र रस्ता जुन्या ओळखीचा होतो : उसाची शेते, मंचरचा बाजार, डावीकडे दूर सह्याद्रीची निळसर रांग. नारायणगाव पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटर. विठाबाईंचे गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो; नाना त्याला आर्वीचे गाव म्हणून ओळखतात. तेथून जवळच आर्वीला १९७१ साली देशातील पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेव्हा ते एस्टीने तेवढ्यासाठी आले होते. आत सोडले नाही. कुंपणाबाहेरून पाहिले, फाट्यावर भेळ खाल्ली आणि परतले. “छान गेला होता दिवस,” ते म्हणाले.

नारायणगावाहून पूर्वेला वळलो. द्राक्षांच्या बागा, टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो, आणि मग एका वळणावर शेताच्या पलीकडे आकाशाकडे तोंड करून उभी असलेली पहिली थाळी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण : ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांतील चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना गावागावांतून पसरलेल्या. जवळ गेल्यावर आश्चर्य वाटते ते तिच्या विरळपणाचे. पत्रा नाही, पोलादाच्या बारीक तारांची जाळी. तिच्यातून ढग दिसतात. ज्या रेडिओलहरी ती पकडते त्या इतक्या लांब, की जाळीची भोके त्यांना भोके वाटतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. नानांनी गाडी थांबवायला सांगितली. दार उघडून, काठी टेकून, ते पाच मिनिटे बांधाशी उभे राहिले. मी मागे उभी होते, हात त्यांच्या कोपराखाली. आमचे फोन आम्ही बंद केले होते. त्या परिसरात तो शिष्टाचार पाळावा. इतकी शांतता मी पुष्कळ दिवसांनी ऐकली.

शाळेत नववीचा वर्ग वाट पाहत होता. खुर्ची, पंखा, स्टीलच्या पेल्यात पाणी. गठ्ठे सोडले तशा मुलांच्या माना पुढे आल्या. इंग्रजीचे काय करतील, ही माझी शंका पहिल्या पाच मिनिटांत फिटली. मुले चित्रे पाहत होती आणि नानांच्या पेन्सिलीची मराठी वाचत होती. “आजोबा, इथं ‘ढग’ असं का लिहिलंय?” एकाने विचारले. नाना म्हणाले, “कारण ढग होते.” वर्ग हसला. मग त्यांनी जानेवारीचा नकाशा उघडला, तो डोक्यावर उलटा कसा धरायचा ते दाखवले, आणि आज रात्री आठला अंगणात जाऊन मृगाचे तीन तारे शोधायचे काम सर्वांना लावून दिले.

पुढच्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी वही वाचीत होती. शिक्षकांनी अंक मोजून घेण्याचे काम तिच्याकडे दिले होते आणि ती ते फार गांभीर्याने करीत होती. तिचे बोट एका ओळीवर थांबले.

“आजोबा, नोव्हेंबर पंच्याऐंशी ते जून शहाऐंशी, हे आठ अंक कुठं आहेत?”

मी खाली पाहिले. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिले असावे.

“ते वाटेत राहिले,” ते म्हणाले. “पण त्यांत जे होतं ते मी पाहिलेलं आहे. बस, सांगतो.”

मग त्यांनी सांगितले. १९८६ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनला सायकलीने शहराबाहेर जाणे, अंधारात चुकलेली वाट, दक्षिणेकडे खाली, धुक्याच्या पुंजक्यासारखे काहीतरी. आणि बरोबर आलेल्या शेजाऱ्यांचा प्रश्न : एवढंच? छायाचित्रांत शेपूट केवढी, आणि हे एवढंच? “हो, एवढंच,” नाना म्हणाले. “पण ते शहात्तर वर्षांनी आलं होतं.” मुलीने पाटीसारखी वही पुढे ओढली आणि बेरीज केली. पुढची खेप २०६१ मध्ये. तोवर ती पन्नाशीला पोचेल. हे कळल्यावर वर्गात मोठा गोंधळ झाला, आपापली वये मोजण्याचा. नाना थकले होते. पण खोकला नव्हता, आणि पाणी मागून घेतले.

परतीच्या वाटेवर मंचरला चहासाठी थांबलो. नानांनी चहाबरोबर बिस्किटे मागवली, दोन खाल्ली आणि तिसरे बशीत मोडता-मोडता म्हणाले, “माळ्यावर तुझ्या आईचे विणकामाचे अंक आहेत. हिरव्या ट्रंकेत. ते कुणाला विचारायचं?”

मी म्हटले, “तुम्हाला.”

“मला नव्हे गं. तुझ्या मावशीला विचार आधी. तिचे अर्धे आहेत त्यात.”

मावशी नाशिकला असते, ८१ वर्षांची. रविवारी तिला फोन करायचा आहे.